जुनी फोर बाय फोर घेताना: खालून वर तपासलेल्या गाडीच्या नोंदी

३ ऑक्टोबर

ठरलं एकदाचं. जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी आडवाटेची गाडी, घ्यायची आणि घेतल्यावर स्वतःच्या हाताने उभी करायची. आजपासून जे पाहीन, जे तपासेन ते इथे तारीखवार लिहीत जाईन.

दादाने आधीच बजावलंय, "बॉनेट उघडायच्या आधी खाली झोपायचं." त्यालाही कारण आहे. त्याच्या मित्रासाठी गाडी बघायला आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हा अर्धा तास इंजिनच ऐकत बसलो. इंजिन खरंच सुरेख चालत होतं. गाडी घरी आल्यावर तिसऱ्या महिन्यात मागच्या पाट्याचा (लोखंडी पानांच्या स्प्रिंगचा) हँगर, म्हणजे पाटा टांगायची पकड, चॅसिसमधून उपटून बाहेर आला. आत नुसती गंजाची भुकटी होती. ती गाडी अजून विटांवर उभी आहे.

म्हणून या वेळचा क्रम असा: चॅसिस, मग दोन्ही ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे आडवे दांडे), मग स्टेअरिंग आणि ब्रेक, मग गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी), आणि सगळ्यात शेवटी इंजिन. इंजिन उतरवून बांधता येतं. गिअरबॉक्स दुसरा मिळवता येतो. चॅसिस बदलायची म्हणजे अख्खी गाडी सुटी करायची, आणि गाडीची ओळख सांगणारा नंबर तर बहुतेक त्या चॅसिसवरच कोरलेला असतो.

या गाड्यांची घडणच तशी आहे. १९४१ च्या विलीज जीपपासून साचा एकच: शिडीसारखी पोलादी चौकट (हीच चॅसिस), तिच्यावर वेगळी ठेवलेली बॉडी, खाली पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. १९४८ ची पहिली लँड रोव्हरही याच मुशीतली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली, एवढाच फरक. ॲल्युमिनियमची बॉडी दिसली की लोक गंजाची काळजी सोडतात, ती चूक आहे. चौकट पोलादाचीच असते, आणि जिथे ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं आणि ओल राहते, तिथे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते.

पिशवी भरून ठेवली: लहान हातोडी, जाड पेचकस, टॉर्च, हातातला आरसा, लोहचुंबक, मोजपट्टी, ओळंबा, खडू, चिंध्या, हातमोजे, अंगाखाली घालायला जुनी चटई. जॅक आणि दोन स्टँड दादाच्या गाडीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

१० ऑक्टोबर

पहिली गाडी. दिसायला देखणी. नवा रंग, नवे टायर, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी). खाली वाकून बघितलं तर सगळी चॅसिस काळ्या कुळकुळीत डांबरी लेपाने माखलेली. लेप इतका ताजा की बोट लावलं तर चिकटलं. एवढी वर्षं उघडी राहिलेली चॅसिस विक्रीच्या आदल्या आठवड्यात माखायची गरज का पडली, हा प्रश्न मनात घेऊनच खाली शिरले.

हातोडीने पुढून मागे ठोकत गेले. जोरात नाही, दारावर टकटक करावी तसं. धड पोलाद टण्ण वाजतं आणि हातोडी हातात परत उसळते. पुढचा सगळा भाग तसाच वाजला. मागच्या चाकाच्या पुढे, जिथे चौकट ॲक्सलवरून जायला कमानीसारखी वर वळते, तिथे आवाज बदलला. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा धप्प. हातोडी उसळलीच नाही. पेचकसाचं टोक टेकवून तळव्याने दाबलं, तर लेप आत दबला आणि टोक दोन बोटं आत गेलं. बाहेर काढल्यावर त्या भोकातून वाळलेली माती आणि गंजाचे पापुद्रे चटईवर सांडत राहिले, बराच वेळ.

हे असंच व्हायचं. चौकटीचे हे दांडे आतून पोकळ असतात. चिखल-पाणी भोकांतून आत जातं आणि खालची निचऱ्याची भोकं मातीने बुजली की ओल आतच कोंडते. गंज आतून बाहेर येतो, म्हणून बाहेरून दिसेपर्यंत पत्रा कागदाएवढा झालेला असतो. ठोकायच्या जागा ठरलेल्या: मागची आडवी पट्टी, पाट्यांचे हँगर आणि शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या हलत्या कडीच्या) जागा, बॉडी टेकते ते बाहेर आलेले हात, चाकांच्या मागची बाजू जिथे टायर माती फेकतो, आणि जिथे जिथे दोन पत्रे एकावर एक आहेत.

आरशाने वरची बाजू बघितली, तीही सांगण्यासारखी. चौकटीच्या वर, बॉडीच्या खाली, जिथे माणसाची नजर जात नाही, तिथे एका पत्र्यावर दुसरा पत्रा नुसता टाके मारून डकवला होता. ठिगळ लावणं हा गुन्हा नाही. सडलेला भाग कापून, धड पोलादापर्यंत जाऊन, चारही कडा सलग वेल्ड केलेलं ठिगळ वर्षानुवर्षं टिकतं. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा टाकला तर मात्र दोहोंच्या मध्ये ओल धरून ठेवणारी पिशवी तयार होते.

मालकाला पेचकसाची जागा दाखवली. त्यांनाही माहीत नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्यांनी घेतली तेव्हाही ती माखलेलीच होती म्हणे. गाडी सोडली.

११ ऑक्टोबर

कालचं राहिलेलं: विंच. तो चॅसिसला पकडलाय की नुसता बंपरला, हे बघायचं राहून गेलं. विंच ओढतो तेव्हा गाडीच्या वजनाएवढी, चिखलात त्याहूनही जास्त ओढ त्या बोल्टांवर येते. पुढच्या वेळी बघायचं.

आणि टायर. नवे होते, पण तारीख वाचली नाही. २००० नंतर बनलेल्या टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१२ म्हणजे २०१२ चा पस्तिसावा आठवडा. क्वचित चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं, बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात.

१८ ऑक्टोबर

दुसरी गाडी. चॅसिस उत्तम. खरोखर उत्तम, हातोडी सगळीकडे टणटणली. दादाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. दहा मिनिटं मलाही वाटलं की शोध संपला.

मग मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. लावायला नाही, तो संपेपर्यंत बाहेर काढायला. पहिला हातभर पट्टा स्वच्छ, धुतलेला. त्यानंतरचा पट्टा राखाडी, कडक, आणि त्यावर एक सरळ रेघ: रेघेच्या एका बाजूला मूळचा काळा रंग, दुसऱ्या बाजूला सुकलेला गाळ. विळख्यात गुंडाळलेला तो भाग धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. पट्टा माझ्या मांडीवर पडला तेव्हा त्यातून बारीक माती झडली.

आता काय शोधायचं ते कळलं होतं. हेडलाइटच्या काचेच्या आत तळाशी गाळाची चंद्रकोर. डॅशबोर्डच्या मागच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर. गालिच्याखालचा नमदा दाबला तर कोरडा, पण खालच्या पत्र्यावर पाणी ओसरल्याच्या लाटांच्या खुणा. ही गाडी नुसत्या ओढ्यातून गेलेली नव्हती, ती सीटपर्यंत पाण्यात उभी राहिलेली होती.

आडवाटेच्या गाडीने पाण्यात जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. ती त्यासाठीच असते. पण पाणी कुठपर्यंत आलं आणि नंतर कुणी काय केलं, हे महत्त्वाचं. मालकांच्या परवानगीने मागच्या हौसिंगचा (ॲक्सलच्या मधल्या, गिअर असलेल्या पेटीचा) तेल भरायचा बोल्ट काढून करंगळी आत घातली. करंगळीवर आलं ते तेल नव्हतं, दुधाचा दाट चहा म्हणावा असा करडा-पांढरा मलिदा होता. याची रीत अशी: चालून तापलेलं हौसिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा एकदम आकसते. हौसिंगच्या वर श्वास घ्यायला एक बारीक नळी असते, तिने हवा आत यावी अशी योजना. ती नळी मातीने बुजलेली किंवा तुटून आखूड झालेली असली, की हौसिंग श्वास घेतं ते ऑइल सीलच्या ओठांतून, आणि हवेऐवजी पाणी ओढतं. आतल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा टिकला तरच ते जगतात. पाणी मिसळलेल्या तेलाला तो पडदा धरता येत नाही.

इंजिनाच्या बाबतीत भीती वेगळी. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टन वर येताना पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवर इंजिन काही महिने चालतंही. या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात तळाला गाळाची रेघ होती.

हौसिंगचं तेल बदलता येतं, बेअरिंग बदलता येतात, वायरिंगही नवं करता येतं. पण हे सगळं एकाच गाडीत एकाच वेळी करायचं म्हणजे किती काम निघेल याचा अंदाजच बांधता येत नाही. चॅसिस चांगली असूनही सोडली. परत येताना दोघंही गप्प होतो. अशी चॅसिस पुन्हा मिळेल का, हेच माझ्या डोक्यात होतं.

२४ ऑक्टोबर

तिसऱ्या गाडीच्या मालकांशी फोनवर बोलणं झालं. वयस्कर गृहस्थ, पंधरा वर्षांपासून गाडी त्यांच्याकडे. मी विचारलं, "काका, मी सकाळी येईन. तोवर गाडी चालू करू नका, चालेल?"

"अहो, बॅटरी उतरेल म्हणून रोज एकदा चालू करतोच मी."

"त्या दिवशी एक दिवस राहू द्या. मला थंड इंजिन बघायचंय."

"मग कडक पहाटे या. थंडीत ती जरा कुरकुरते, आत्ताच सांगून ठेवतो."

हे वाक्य मला आवडलं. जो माणूस आपणहून दोष सांगतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर थोडा विश्वास ठेवावासा वाटतो. थोडाच. हातोडी बरोबर असेलच.

१ नोव्हेंबर

तिसरी गाडी, पहिला दिवस. फक्त खालची बाजू बघितली, तीन तास लागले. आखूड चॅसिस, डिझेल, चारही बाजूंना पाटे, पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी मागच्या दोन चाकांवर चालणारी, हवी तेव्हा चारही चाकं जोडता येणारी), पुढे चाकं ॲक्सलशी जोडणारे-सोडणारे, हाताने फिरवायचे हब.

चॅसिस: मागच्या आडव्या पट्टीला डाव्या टोकाशी हाताच्या पंजाएवढा नरम भाग. बाकी सगळीकडे टण्ण. उजव्या पुढच्या शॅकलजवळ जुनं ठिगळ, सलग वेल्ड केलेलं, चांगलं. स्टेअरिंग बॉक्स बसतो तिथे चिंधीने पुसून टॉर्च तिरपा धरून बघितलं. मोठे टायर लावून दगडांत गाडी चालवली की त्या जागी केसाएवढ्या चिरा पडतात. इथे नव्हत्या. बॉडी आणि चॅसिसमधले रबर चपटे झालेत, विशेषतः उजवीकडचे. वहीत लिहिलं, "किरकोळ, नंतर बघू."

मोजमाप: सपाट जागा शोधून चाकं सरळ केली. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मापलं. डावीकडे उजवीकडे जवळजवळ सारखं. मग ओळंब्याने चॅसिसच्या चार ठरावीक भोकांच्या खुणा जमिनीवर खडूने केल्या आणि कर्ण मापले. तेही जुळले. कर्णांत बोटभर फरक आला असता तर चौकट अपघातात मुरगळलेली समजून तिथेच थांबले असते. एका बाजूचाच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) कमी आला असता तर आधी पाट्याच्या मधला बोल्ट बघितला असता. तो तुटला की ॲक्सल पाट्यावर मागे-पुढे सरकतो.

पाटे: मागच्या उजव्या पाट्यात तिसरं पान तुटलेलं. तुटलेली जागा चकचकीत नाही, गंजलेली, म्हणजे जुनी गोष्ट. शॅकलचे बुश संपलेले, टॉमी घालून उचकटलं की पाटा आडवा हलतो. हे सगळं बदलता येतं, आणि ते बदलताना मला आनंदच होईल.

पुढचा ॲक्सल: इथे जास्त वेळ गेला, आणि लागायलाच हवा होता. एक चाक उचलून टायर वर-खाली धरून हलवला तर खटखट. दादाला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा हलवला. खटखट थांबली नाही, म्हणजे ती चाकाच्या बेअरिंगची नाही, किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिची. ब्रेक दाबल्यावर थांबली असती तर बेअरिंगची. मग टायर डावी-उजवीकडून हलवला: पुढची दोन चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला थोडा खेळ. चाक वळतं त्या गोल वाटीच्या पृष्ठभागाला तेल लागलेलं होतं, पण पृष्ठभाग गुळगुळीत. त्यावर गंजाचे खड्डे असते तर नवं सील घालून उपयोग नसता, खड्ड्यांनी त्याचे ओठ पुन्हा कापले असते.

हब: दोन्ही हब लॉकवर फिरवले, ट्रान्स्फर टू-व्हीलवर, आणि उचललेलं चाक हाताने फिरवलं. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फरपासून ॲक्सलकडे जाणारा दांडा) चाकाबरोबर फिरला. हब फ्री केले, पुन्हा चाक फिरवलं, शाफ्ट जागच्या जागी. म्हणजे हब पकडतात आणि सोडतातही. बरीच वर्षं न वापरलेले हब आत ग्रीस वाळून एकाच जागी बसलेले असतात, आणि हे चिखलात अडकल्यावर कळून उपयोग नसतो.

क्रॉस: मागच्या शाफ्टच्या क्रॉसभोवती, म्हणजे त्याच्या सांध्याभोवती, लालसर पूड. आतलं ग्रीस संपून सुया घासायला लागल्या की ती पूड बाहेर येते. बदलायचा.

दोन्ही हौसिंगमध्ये करंगळी घातली. तेल काळं, जुनं, पण तेलच.

चटईवरून उठले तेव्हा काकांनी हात धुवायला गरम पाणी आणून ठेवलं होतं. इतके जण येऊन गेले, खाली झोपून कुणीच बघितलं नव्हतं म्हणाले.

२ नोव्हेंबर

पहाटे गेले. रेडिएटरला हात लावला, गार. इंजिनाला हात लावला, गार. मगच काकांनी किल्ली दिली.

चालू करण्याआधी: रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघितलं, वर तेलाचे डोळे नाहीत. तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेस नाही. डिपस्टिकवरचं तेल काळं, डिझेलमध्ये ते असायचंच, पण चिकटपणा ठीक. रेडिएटरच्या जाळीच्या मागच्या खणांत सुकलेली माती भरलेली, ती धुवून निघेल. ही माती रस्त्यावर त्रास देत नाही, पण लो रेंजमध्ये (ट्रान्स्फरच्या संथ पण जोरदार गिअरमध्ये) हळूहळू चढ चढताना वारा कमी आणि उष्णता जास्त, तेव्हा इंजिन तापवते.

ग्लो प्लगला (थंड डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या कांड्यांना) वेळ देऊन किल्ली फिरवली. सहा-सात सेकंद फिरलं, मग एका सिलिंडरने खोकत, पांढरा धूर सोडत चालू झालं. धूर दोन मिनिटांत विरला. जळून न गेलेल्या डिझेलचा तो धूर, वास डोळ्यांत झोंबणारा. गोडसर वास असता आणि इंजिन तापल्यावरही धूर राहिला असता तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय म्हणायचं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. थंडीत सगळीच जुनी डिझेल इंजिनं थोडी कुरकुरतात. एक-दोन ग्लो प्लग गेले असतील असा माझा अंदाज.

चालू इंजिनावर तेलाचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवलं. ते थोडं थरथरलं, पण उडालं नाही, भसाभस धूर आला नाही. पिस्टनच्या रिंगा बऱ्या आहेत. चार-पाच मिनिटांत वरचा होज हाताने दाबून बघितला, अजून मऊ. इंजिन गार असतानाच होज दगडासारखा टणक होत असेल तर हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मापायला मिस्त्री पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. त्याचं सांगणं एवढंच की आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ आले पाहिजेत, दहा टक्क्यांच्या आत.

मग चालवून बघितली. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडला, इंजिन लगेच बंद पडलं, क्लच धरतो. तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन एकदम पाय काढला, गिअर बाहेर उडाला नाही. मागच्या हौसिंगचा हलका घुमता आवाज, रेस दिली की येतो, सोडली की जातो. बराच जुना असावा. स्टेअरिंगला तीन बोटं खेळ, त्यातला बराचसा किंगपिन आणि टाय रॉडचा, हे कालच कळलं होतं.

फोर बाय फोर मुरमाड मैदानात तपासली, डांबरावर नाही. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नसतं, दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. सैल मातीवर चाकं थोडी घसरून तो फरक पचवतात. डांबरावर घसरायला जागा नाही, ताण सगळा गिअरमध्ये साचतो आणि ट्रान्स्फरचा लिव्हर निघेनासा होतो. म्हणूनच चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पूर्ण वळवून दोन्हीकडे गोल फिरवली, पुढच्या सांध्यांतून टकटक आली नाही. लो रेंज टाकली, चढावर सोडली, गाडी मुंगीच्या पावलाने वर गेली. लिव्हर जागेवर राहिला. मी वहीत बरोबरची खूण केली.

ती खूण मी अर्ध्याच तपासणीवर केली होती. त्याबद्दल पुढे.

६ नोव्हेंबर

मिस्त्रीने ग्लो प्लगच्या भोकांतून कॉम्प्रेशन मापलं. चारही आकडे जवळजवळ. दोन ग्लो प्लग गेलेले.

रात्री वहीत तीन रकाने केले. लगेच करायचं: ब्रेकचे होज, किंगपिन, टाय रॉडची टोकं, सगळी तेलं. या वर्षात: पाटे आणि बुश, क्रॉस, आडव्या पट्टीचं टोक कापून नवं वेल्ड. घेऊच नये असं: या रकान्यात काहीच नाही. पहिल्या गाडीला इथे एक ओळ होती आणि तेवढी पुरली. दुसरीला एकही ओळ निश्चित अशी नव्हती, शंका मात्र सात. किंमत बोलताना काकांना ही वहीच दाखवली. बोलणं सरळ झालं.

९ नोव्हेंबर

कागदपत्रं. चॅसिसवरचा नंबर तारेच्या ब्रशने साफ करून, कागद ठेवून वर पेन्सिल घासून उमटवून घेतला आणि गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी अक्षर अक्षर ताडून बघितला. सगळे अंक एका ओळीत, एका खोलीचे, आजूबाजूला घासल्याच्या खुणा नाहीत. हल्लीचा १७ अक्षर-अंकांचा साचा अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून आला आणि पुढे बहुतेक सगळीकडे रुळला. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. जुन्या गाड्यांचे नंबर याहून आखूड असू शकतात. इंजिन नंबरही जुळला. गाडी घरी आणली.

१६ नोव्हेंबर

सगळी तेलं काढली. मागच्या हौसिंगच्या निचऱ्याच्या बोल्टला चुंबक आहे. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट, बोटांत चोळली तर खरखर नाही. ती रोजची झीज. तुकडे किंवा दाताचे कोपरे निघाले असते तर हौसिंग उघडावं लागलं असतं. दोन्ही हौसिंगना नव्या श्वासनळ्या लावल्या आणि त्या बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधल्या. दुसऱ्या गाडीतला तो करडा मलिदा अजून डोळ्यांसमोर आहे.

किंगपिन उघडले. खालची बेअरिंग खाचा पडलेली. नवी घातली, दादाने स्प्रिंगकाट्याने ओढ मापून पातळ पत्र्या लावल्या. स्टेअरिंगचा खेळ तीन बोटांवरून एकावर आला.

२३ नोव्हेंबर

लो रेंज उडते.

चढावर नाही. उतारावर. पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजमध्ये, इंजिनाच्या धाकावर, म्हणजे इंजिनच वेग रोखून धरत असताना, गाडी उतरत होती, आणि मध्येच खट्ट आवाज होऊन लिव्हर न्यूट्रलला आला. न्यूट्रल म्हणजे इंजिनाचा धाक संपला, गाडी फक्त ब्रेकवर. उतार लहान होता म्हणून निभावलं. २ तारखेला मी फक्त चढावर तपासलं होतं. चढावर दात एका बाजूने दाबले जातात, उतारावर दुसऱ्या. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय ती खूण करायलाच नको होती. ज्या गाडीत हँडब्रेक ट्रान्स्फरच्या मागे शाफ्टवर असतो तिथे निदान तो उरतो, हेही लक्षात ठेवायचं.

मिस्त्री म्हणाला ट्रान्स्फर उघडूया, दात गोलावले असतील. मी एक दिवस मागितला.

२४ नोव्हेंबर

लिव्हरचं रबरी बूट काढलं आणि खाली टॉर्च धरला. लिव्हरच्या दांड्यावर, मागच्या बाजूला, नखाएवढी चकचकीत जागा. समोर, फरशीच्या पत्र्यातल्या भोकाच्या कडेवरही तशीच चकाकी. लिव्हर पूर्ण बसण्याआधीच पत्र्याला टेकत होता. दात अर्धेच गुंतत होते.

लिव्हर ट्रान्स्फरवर बसलेला, ट्रान्स्फर चॅसिसवर. पत्रा मात्र बॉडीचा. म्हणजे बॉडी चॅसिसवर सरकलेली. उजवीकडचे रबर चपटे झालेत असं लिहून मी पुढे "किरकोळ" लिहिलं होतं, ते हे. आणि त्याच दिवशी उजव्या दाराची वरची फट खालच्यापेक्षा अरुंद दिसली होती, ते तर मी लिहिलंही नव्हतं. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या.

३० नोव्हेंबर

बॉडीचे सगळे रबर बदलले. एकेका बाजूचे बोल्ट सैल करून, जॅक आणि लाकडी फळीवर बॉडी जेमतेम उचलायची, जुना रबर काढायचा, नवा सरकवायचा. त्याआधी रेडिएटरचे होज, ब्रेकच्या नळ्या आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी ताणली जात नाही ना, हे दर वेळी बघायचं. जुने रबर निम्म्या उंचीचे झाले होते. एक तर हातातच तुटला. उजवीकडच्या दोन बोल्टांची भोकं लांबट झालेली, तिथे जाड वॉशर वेल्ड केले. बॉडी जवळजवळ सेंटिमीटरभर मागे गेली आणि दार एका बोटाने लागायला लागलं.

दुपारी त्याच उतारावर गेलो. दादा खाली उभा. लो रेंज, पहिला गिअर, ब्रेकवरून पाय काढला. अर्ध्या उतारावर मुद्दाम रेस देऊन सोडली, पुन्हा दिली, पुन्हा सोडली. लिव्हरवर हात ठेवला होता, तो हलला नाही. वर जाऊन उलटी, रिव्हर्समध्ये उतरवली. तेव्हाही नाही.

आता पुढचं काम मागच्या आडव्या पट्टीचं. कापायच्या जागेवर खडूने रेघ मारून ठेवली आहे, हातोडी टण्ण वाजते तिथपासून चार बोटं आत.